दार कोण सांभाळतं? ‘समाजस्वास्थ्य’ची पत्रं, ‘गे बॉम्बे’ आणि आपले सिनॉप्सिस

पेट झाली, कोर्सवर्क सुरू झालं, की विषय ठरवायची घाई सुरू होते. सध्या समाजशास्त्र, समाजकार्य, मराठी आणि इंग्रजी या चारही विभागांत एक विषय वारंवार ऐकू येतो : ‘समलिंगी समुदाय आणि समाजमाध्यमं’. विषय चांगला आहे. पण त्यावरचे सिनॉप्सिस वाचले तर पद्धतीच्या प्रकरणात साधारण एकच वाक्य सापडतं. ‘ऑनलाइन आधारगटांतील सदस्यांकडून माहिती संकलित केली जाईल.’ संकलित केली जाईल म्हणजे कशी? गटात तुम्हाला कोण घेणार? का घेणार? आणि घेतलंच, तर तिथे जे दिसतं ते तसं का दिसतं?

हे प्रश्न मी या लेखात तीन अभ्यासांना विचारणार आहे. तिन्ही अभ्यास चांगले आहेत, म्हणूनच निवडले. वाईट संशोधनावर टीका करून काही शिकायला मिळत नाही, फक्त बरं वाटतं.

पहिला अभ्यास आहे श्रीकांत बोत्रे आणि डग्लस हेन्स यांचा शोधनिबंध. ‘मॉडर्न एशियन स्टडीज’ या नियतकालिकात तो 2017 साली आला. विषय : र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात 1927 ते 1953 या काळात आलेला वाचकांचा पत्रव्यवहार, आणि त्यातून दिसणारी पश्चिम भारतातल्या मध्यमवर्गीय पुरुषांची लैंगिक चिंता. तुम्ही म्हणाल, ऑनलाइन गटाचा आणि शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकाचा काय संबंध? माझ्या मते सगळ्यात जवळचा संबंध इथेच आहे. लोक नाव लपवून लिहितात. जे घरात, मित्रांत, डॉक्टरकडेही बोलता येत नाही ते विचारतात. मध्ये एक माणूस बसलेला असतो. काय छापायचं, काय नाही, किती छापायचं, काय उत्तर द्यायचं हे तो ठरवतो. छापलेलं उत्तर विचारणाऱ्यापुरतं राहत नाही, न विचारलेले शेकडो जण ते वाचतात. आजच्या भाषेत या माणसाला मॉडरेटर म्हणतात. कर्वे हे काम मासिकाच्या संपादकाच्या खुर्चीतून करत होते.

बोत्रे आणि हेन्स यांनी जे केलं ते आधी नीट सांगते. लैंगिकतेचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुतेक वेळा पुस्तकं, कायदे आणि सुधारकांची भाषणं वापरली जातात. म्हणजे बोलणारे नेहमी मोठे लोक. इथे मात्र पत्र लिहिणारा सामान्य वाचक समोर येतो. वीर्यनाशाची भीती, ब्रह्मचर्याच्या उपदेशाने आलेला अपराधभाव, लग्नानंतरच्या शंका, आयुर्वेद सांगतं एक आणि पाश्चात्त्य लैंगिक विज्ञान सांगतं दुसरं, त्यात सापडलेला माणूस. ही सामग्री इतिहासाचा पुरावा म्हणून गंभीरपणे घेतली, हे या निबंधाचं मोठं काम. बोत्रे यांनी वॉरिक विद्यापीठात केलेला पीएच.डी.चा प्रबंध तर याच काळातल्या मराठी लैंगिक आधुनिकतेला थेट जातीशी जोडतो. दोन्ही एकत्र वाचा. ‘मध्यमवर्गीय पुरुष’ असं आपण सहज म्हणतो तेव्हा त्यात कोणती जात गृहीत धरलेली असते, ते प्रबंध वाचल्यावर जास्त स्पष्ट होतं.

आता माझी तक्रार. निबंधात कर्वे आहेत, भरपूर आहेत. पण ते विचारवंत म्हणून आणि उत्तरं देणारे म्हणून. दार सांभाळणारे म्हणून ते कमी दिसतात. आपल्यापुढे येतात ती आलेली पत्रं नव्हेत, छापलेली पत्रं. या दोहोंमध्ये एक माणूस, त्याचा स्वभाव, त्याची तत्त्वं, मासिकाची पानं आणि कोर्टाची टांगती तलवार आहे. कर्वे तिखट होते. मूर्ख वाटलेल्या प्रश्नाला ते मूर्खच म्हणत. दुसऱ्याला इजा न करता मिळणाऱ्या सुखाला अनैतिक म्हणायचं कारण नाही, ही त्यांची भूमिका. त्यामुळे ज्याला जगात कुठेही ‘तू गुन्हेगार नाहीस’ हे ऐकायला मिळत नव्हतं त्याला इथे ऐकायला मिळण्याची शक्यता होती. पण आधार देणारी जागा आणि मवाळ जागा एकच नसते. कर्व्यांचं उत्तर वाचून कुणाला धीर आला असेल, आणि कुणी पुन्हा पत्र लिहायचं धाडस केलं नसेल. दुसऱ्या प्रकारचा वाचक पुराव्यात सापडतच नाही. मॉडरेटरचा परिणाम मोजणं इतकं अवघड का, ते इथे कळतं. त्याचं यश पानावर दिसतं, त्याने घालवलेला माणूस दिसत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. 1931 साली कर्व्यांवर ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला झाला आणि 100 रुपये दंड बसला. तो स्वतः लिहिलेल्या लेखाबद्दल होता. 1934 चा खटला वेगळा होता. त्यात मुद्दा वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचा होता. कर्व्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. लोक प्रश्न विचारतात तर त्यांना उत्तर देणं हा गुन्हा कसा, अशी ती बाजू. खटला हरले, 200 रुपये दंड झाला. अतुल पेठे दिग्दर्शित, अजित दळवी लिखित ‘समाजस्वास्थ्य’ नाटकामुळे हा भाग आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण नाटकात आपण तो विचारस्वातंत्र्याची लढाई म्हणून बघतो. संशोधक म्हणून त्याकडे अजून एका बाजूने बघायला हवं. प्रश्न दुसऱ्याचा, शिक्षा मधल्या माणसाला. एकदा असं झाल्यावर तो माणूस पुढचं पत्र उघडताना काय विचार करत असेल? कोणता प्रश्न बाजूला ठेवत असेल? कोणतं उत्तर खासगी पत्राने देत असेल? 1927 ते 1953 हा काळ एकसलग धरून पत्रांचं विश्लेषण केलं की हा सांधा बुजतो. माझ्या वाचनानुसार 1934 च्या आधीची आणि नंतरची पत्रं वेगवेगळी ठेवून वाचायला हवीत.

(निबंध पुरुषांबद्दल आहे, स्त्रियांची पत्रं कुठे, असा आक्षेप कुणी घेईल. शीर्षकातच मर्यादा सांगितलेली असताना तो आक्षेप मला आळशी वाटतो. सांगितलेल्या चौकटीत काम झालं का, एवढं आधी बघावं.)

दुसरा अभ्यास आहे परमेश शहाणी यांचं ‘गे बॉम्बे’ हे 2008 सालचं पुस्तक. 1998 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या याच नावाच्या गटाचा हा अभ्यास. इंटरनेटवरचा संवाद आणि प्रत्यक्षातल्या भेटी, पार्ट्या, पालकांच्या बैठका, असं दोन्हीकडे राहून केलेला. शहाणी स्वतः त्या जगातले आहेत आणि ते लपवत नाहीत. स्वतःच्या आठवणी, प्रेम, दुखणी मजकुरात येऊ देतात. अर्जुन अप्पादुराई यांनी जागतिकीकरण समजून घ्यायला माणसं, माध्यमं, तंत्रज्ञान, पैसा आणि विचार असे पाच प्रवाह मांडले होते. शहाणी त्यांचा आधार घेऊन गटाची मांडणी करतात. आत राहून संशोधन कसं लिहायचं हे शिकायला हे पुस्तक अवश्य वाचा. इंग्रजी येणारा, बऱ्यापैकी पैसे असलेला पुरुष हा या गटाचा कणा आहे, हेही पुस्तकात झाकलेलं नाही.

मग अडचण काय? अडचण पुस्तकात कमी आणि आपण ते इथे उचलून आणतो त्यात जास्त आहे. ‘गे बॉम्बे’मध्ये एक दिशा गृहीत आहे : आधी पडद्यावर ओळख, मग हळूहळू प्रत्यक्ष भेट, त्यातून समुदाय. मुंबईत ती बरोबर आहे. अंधेरीचा माणूस दादरला कुणाला भेटला तर दोघेही गर्दीत विरघळतात. आता हीच दिशा यवतमाळ जिल्ह्यात लावून बघा. सोळा तालुके, 2011 च्या जनगणनेनुसार 27 लाख 72 हजार लोकसंख्या. आकडा मोठा वाटतो, पण जगणं तालुक्याच्या गावात चालतं. पुसदच्या बसस्टँडवर, वणीच्या बाजारात, दिग्रसच्या चहाच्या टपरीवर अनोळखी माणूस पाच मिनिटांत ओळखीचा निघतो. ‘तुम्ही कोणाचे?’ हा आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, आणि उत्तरात आडनाव, गाव, मामाचं गाव सगळं येतं. अशा ठिकाणी माणूस ऑनलाइन गटात येतो तो बहुतेक वेळा भेटायला नाही. प्रत्यक्षात न भेटता बोलता यावं म्हणून येतो.

म्हणजे मॉडरेटरचं काम उलटं होतं. शहरात तो माणसं जोडतो. इथे त्याला कधीकधी माणसं वेगळी ठेवावी लागतात. एकाच तालुक्यातले दोघं एका गटात आले तर ते एकमेकांना ओळखतील का, याची त्याला काळजी. कुणी हौसेने फोटो टाकला आणि मागे शाळेची पाटी किंवा ओळखीचं मंदिर दिसलं, तर तो आधी काढायचा, मग त्या माणसाला समजावून सांगायचं, तेही न दुखावता. नवीन सदस्य खरा की पैसे उकळायला आलेला, हे तपासायचं. पण तपासायला ओळखपत्र मागितलं तर खरा माणूसच पळतो. फोनवर आवाज ऐकायचा? ज्याच्या घरात एकच खोली आहे तो बोलणार कधी? ही ओढाताण म्हणजेच तिथलं समाजशास्त्र आहे. आपण मात्र ‘गेटकीपरच्या सहकार्याने नमुना निवडण्यात आला’ असं लिहून पुढे जातो.

तुमच्यासाठी यातून एक अगदी व्यवहाराची गोष्ट निघते. मुलाखतदाराचं नाव बदललं की ओळख लपली, असं आपल्याला शिकवतात. समजा प्रबंधात लिहिलं : ‘सहभागी क्र. 7, वय 29, जिल्हा परिषद शिक्षक, घाटंजी तालुका, अविवाहित.’ नाव नाही. पण त्या तालुक्यातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, तो दोन मिनिटांत नाव सांगेल. इथे ही ओळ म्हणजेच नाव आहे. प्रबंध शोधगंगेवर जातो, कायम राहतो, शोधयंत्रात सापडतो. आयसीएमआरच्या 2017 च्या संशोधन-नीती मार्गदर्शक तत्त्वांत लैंगिक अल्पसंख्याकांचा असुरक्षित गट म्हणून स्वतंत्र विचार आहे. ती तत्त्वं आरोग्य संशोधनासाठी आहेत, तरी समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही ती वाचावीत. पण त्या कागदात घाटंजी नाही. तालुका लिहायचा की ‘विदर्भातील एक जिल्हा’ म्हणायचं, वय नेमकं द्यायचं की ‘विशीच्या शेवटी’ म्हणायचं, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. आणि खरं तर ते त्या सातव्या माणसाला विचारून ठरवायला हवं.

तिसरा अभ्यास नैसर्गी दवे यांचा, ‘क्वीअर ॲक्टिव्हिझम इन इंडिया’, 2012. यातला मला सगळ्यात आवडलेला भाग 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीतल्या ‘सखी’ या गटाकडे ठिकठिकाणच्या स्त्रियांनी पाठवलेल्या पत्रांचा. दवे विचारतात की चळवळ सुरू होताना जी मोकळी, नवीन काही घडवायची शक्यता असते ती पुढे नियम आणि ओळखी पक्क्या होताना कशी आक्रसते. प्रश्न एकदम नेमका आहे. एखाद्या जागेला नाव दिलं की त्या नावात बसणाऱ्यांना आधार मिळतो, आणि न बसणारे दाराबाहेर थांबतात. बोत्रे आणि हेन्स यांच्या निबंधात जे मला मिळालं नाही ते इथे बऱ्याच प्रमाणात मिळतं. दार सांभाळणं ही स्वतःच अभ्यासायची कृती आहे, हे त्या दाखवतात.

पण नाव आणि शब्द हा मुद्दा मराठीत आणल्यावर वेगळाच गुंता होतो. बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला. ‘समपथिक’ हा शब्द बघा : त्यात रोग नाही, गुन्हा नाही, लैंगिक क्रियाही नाही, सोबत चालणं आहे. त्यांनी मराठीत ‘इंद्रधनू’, ‘मानवी लैंगिकता : एक प्राथमिक ओळख’ अशी पुस्तकं लिहिली, हेल्पलाइन चालवली. या कामातून जमलेलं ज्ञान आपल्या सिनॉप्सिसच्या संदर्भसूचीत क्वचित दिसतं. फूको असतो, बटलर असते (बहुतेक वेळा दुसऱ्याच्या लेखातून उचललेली), खिरे नसतात. ‘ते ॲकॅडमिक नाही’ असं उत्तर मिळतं. फोनवर पलीकडे रडणाऱ्या माणसाशी मराठीत कोणत्या शब्दांत बोलायचं, हे ज्याला माहीत आहे त्याच्याकडे तुमच्या संशोधनाच्या मूळ संज्ञा आहेत. ते वगळून प्रश्नावली इंग्रजीतून भाषांतरित केली की काय होतं? ‘आपली लैंगिक अभिमुखता कोणती?’ असा प्रश्न तयार होतो, आणि वाचणारा माणूस म्हणतो, अभि काय?

शब्दांवर थोडं थांबते, कारण मॉडरेटरचा निम्मा वेळ शब्दांतच जातो. ‘बायल्या’ हा आपल्या भागातला शब्द घ्या. शाळेत, गल्लीत, घरात मुलाला मारायला वापरलेला शब्द. गटाचा नियम काय हवा? दिसला की काढायचा? पण एखादा सदस्य स्वतःबद्दलच हसत लिहितो, ‘मी तर पहिल्यापासून बायल्याच’. तोही काढायचा? आणि तिसरा जण सभ्य भाषेत लिहितो, ‘मला फक्त पुरुषी वागणारेच मित्र हवेत’. त्यात एकही अपशब्द नाही, नियमात ते बसतं, पण गटातल्या निम्म्या मुलांना ते बरोबर तिथेच लागतं जिथे शाळेत लागलं होतं. रोहित दासगुप्ता यांनी 2017 च्या पुस्तकात भारतातल्या डिजिटल क्वीअर जगात बायकी पुरुषांबद्दल असलेला हा तिटकारा आणि वर्गाचा प्रश्न मांडला आहे. शब्दांची यादी करून हा प्रश्न सुटत नाही. कुणीतरी संदर्भ बघून, माणूस बघून, रात्री अकरा वाजता ठरवतं. त्यात चुका होतात, भांडणं होतात, लोक गट सोडून जातात. या निर्णयांची नोंद आपल्याकडे कुठे आहे? मला तरी मराठीत असा अभ्यास वाचायला मिळालेला नाही.

आणि मराठी म्हणजे सुद्धा कोणती? या जिल्ह्यात घरात गोरमाटी बोलणारे आहेत, कोलामी आणि गोंडी बोलणारे आहेत. प्रमाण मराठीत ‘ओळख’ आणि ‘स्वीकार’ यांवर चाललेल्या गप्पांत तांड्यावरचा किंवा पोडावरचा मुलगा गप्प बसतो, तेव्हा आपण त्याला ‘कमी सक्रिय सदस्य’ म्हणून तक्त्यात टाकतो.

यवतमाळबद्दल अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या जिल्ह्याला संशोधनाचा अनुभव नवा नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे गेली वीस-पंचवीस वर्षं इथे पत्रकार आले, संस्था आल्या, विद्यार्थी आले. प्रश्नावल्या भरल्या, फोटो काढले, गेले. ज्या बाईच्या घरी हे झालं तिला अहवालाची प्रत मिळाली का, असं विचारलं तर उत्तर बहुतेक ठिकाणी सारखंच येईल. त्यामुळे ‘तुमच्या भल्यासाठीच अभ्यास करतोय’ या वाक्यावर इथला माणूस पटकन विश्वास ठेवत नाही, आणि तो शहाणपणा आहे. आता तीच रीत समलिंगी, पारलिंगी मुलांच्या गटांकडे वळते आहे. गटात शिरायचं, गुगल फॉर्मची लिंक टाकायची, ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणायचं, पन्नास उत्तरं आली की बाहेर पडायचं. मॉडरेटरने लिंक काढली तर ‘सहकार्य मिळालं नाही’ अशी मर्यादा प्रबंधात लिहायची. वस्तुतः लिंक काढणं हाच तुमचा सगळ्यात चांगला निष्कर्ष असू शकतो. का काढली, ते विचारायला हवं होतं.

दुसरा मोह बातमीचा. 2017 च्या डिसेंबरअखेर यवतमाळ शहरात परदेशी राहणाऱ्या एका यवतमाळकराने आपल्या पुरुष जोडीदाराशी घरच्यांच्या आणि मित्रांच्या उपस्थितीत लग्नाचा सोहळा केला. त्या वेळी कलम 377 अजून जसंच्या तसं होतं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 6 सप्टेंबर 2018 चा. बातमी देशभर गाजली. तिच्यावरून ‘यवतमाळही बदलतंय’ असं प्रकरण लिहिणं फार सोपं आहे. पण ज्याच्याकडे परदेशातली नोकरी आणि परत जायचं तिकीट आहे त्याचं धाडस, आणि ज्याला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून दूध आणायचं आहे त्याचं गप्प राहणं, या दोन्ही गोष्टी एकाच मोजपट्टीवर कशा मोजणार? पहिल्याचं कौतुक कमी करायचं कारण नाही. पुरावा म्हणून मात्र तो एक दिवस आहे, आणि गट चालवणारा माणूस बाकीचे 364 दिवस बघत असतो.

कायद्याच्या बाजूने एक छोटी नोंद. 1934 मध्ये मधल्या माणसाला दंड झाला, हे वर आलं. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, म्हणजे आपल्याच खंडपीठाने, गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात म्हटलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला केवळ व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन आहे म्हणून कुणी जबाबदार धरता येत नाही. समान हेतू दाखवावा लागेल. मजकूर येण्याआधी तो रोखायची सोय ॲडमिनकडे नसते, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं. म्हणजे कर्व्यांपेक्षा आजचा मॉडरेटर या बाबतीत बरा. पण कर्वे संपादक म्हणून उघड उभे होते. लहान गावातला गट चालवणारा बऱ्याचदा स्वतःच घरात लपलेला असतो. त्याची भीती पोलिसांची कमी, घरच्यांची जास्त. रात्री कुणी ‘आता जगायचं नाही’ असं लिहिलं तर तो समुपदेशक नाही, डॉक्टर नाही. त्याच्याकडे टेलिमानसचा 14416 हा क्रमांक आहे, नागपुरातल्या एखाद्या संस्थेतली ओळख आहे, आणि दीडशे किलोमीटर अंतर आहे. सकाळी त्याला कामावरही जायचं असतं. आधारगटाची ‘परिणामकारकता’ मोजणाऱ्या प्रश्नावलीत या माणसाच्या झोपेचा प्रश्न नसतो.

मग अभ्यास करायचा कसा? मला वाटतं, सदस्यांचे संदेश गोळा करण्याऐवजी गट चालवणाऱ्यांचे निर्णय अभ्यासावेत. कुणाला घेतलं, कुणाला नाही, काय काढलं, कोणता नियम बदलला आणि कशामुळे. त्यांनीच ठेवलेली वही, त्यांनीच निवडून सांगितलेले प्रसंग, नावांशिवाय. स्क्रीनशॉट एकही नको, कारण तुमच्या फोनचं काय होईल हे तुम्हालाही माहीत नाही. परवानगी एकट्या ॲडमिनची घेऊन भागत नाही. गटात जाहीर सांगायला हवं आणि गटाने नाही म्हटलं तर थांबायला हवं. आरआरसीसमोर यावर हमखास प्रश्न येईल : ‘सँपल साइझ किती?’ चार मॉडरेटर म्हटलं की हसतील. तयारी ठेवा. चार माणसांनी तीन वर्षांत घेतलेले दोनशे निर्णय हे तुमचं एकक आहे, माणसं नव्हेत, असं सांगा. गाईडला हे आधी पटवून घ्या, तिथे पहिल्यांदा पटवायची वेळ आणू नका.

आणि ज्यांना कुठल्याही गटात न शिरता, कुणालाही धोक्यात न घालता या प्रश्नावर काम करायचं आहे त्यांच्यासाठी ‘समाजस्वास्थ्य’ आहेच. कर्व्यांच्या लेखनाचे अनंत देशमुख यांनी संपादित केलेले खंड ग्रंथालयात मिळतात. मूळ अंक मोठ्या ग्रंथालयांत शोधावे लागतील. भाषा जुनी, पण अवघड नाही, लिपी देवनागरीच. एक साधा तक्ता करा : महिना, प्रश्नाचा विषय, प्रश्न पूर्ण छापलाय की सारांश, उत्तराच्या ओळी, उत्तराचा सूर, पुढे कुणा वाचकाने त्यावर लिहिलं का. समलिंगी आकर्षणाबद्दलचे प्रश्न वेगळ्या रंगाने लावा. 1934 च्या जागी एक आडवी रेघ मारा आणि रेघेच्या वर-खाली काय बदलतं ते बघा. कदाचित काहीच बदलत नसेल, कर्व्यांचा स्वभाव बघता तेही शक्य आहे, आणि तसं निघालं तर माझा वरचा अंदाज चुकला असं मानायला लागेल. पत्रांखाली गावाची नावं सापडली तर तीही लिहून ठेवा. त्या काळी यवतमाळ मध्य प्रांत व वऱ्हाडात होतं, मासिक निघायचं मुंबईत. इथून तिकडे एखादं पत्र गेलं होतं का, हे मला फार दिवस शोधायचं आहे. कुणी आधी सुरू केलं तर कळवा, तक्ता वाटून घेऊ.